टोकियो, मार्गे पिरंगुट

ज्याचं नाव दुसऱ्या कोणी ऐकलेलं नाही असाच कलावंत आवडून घ्यायचा, ही पूर्वी सदाशिव पेठेची मक्तेदारी होती. तिथे असे रसिक राहत, की रेडिओवर लागलेलं गाणं त्यांच्या लेखी उष्टं. त्यांच्याकडे कुणा खांसाहेबांची, कुणा वकिलाच्या माडीवर, पहाटे झालेली बैठक टेपवर असायची. टेप जगात एकच. तीत तानपुऱ्याइतकाच स्वच्छ एका श्रोत्याचा खोकला. खोकणारा पुढे कैलासवासी झालेला, त्यामुळे टेपची किंमत आणखी वाढलेली. ती ऐकायला मिळावी म्हणून माणसं त्या घरचा बेताच्या साखरेचा चहा वर्षानुवर्षं पीत. आणि ऐकून झाल्यावर एखादा भाबडेपणाने "छान आहे हो!" म्हणाला, की यजमानांचा चेहरा पडे. हे गाणं सगळ्यांनाच आवडेल की काय, या शंकेने त्यांना रात्रभर झोप लागत नसे.

हा वंश बुडालेला नाही. त्याची एक शाखा सध्या लवासात आहे आणि ती म्हणजे माझा भाचा.

भाचा कॉम्प्युटरमधला. काम घरून, घर भाड्याचं, दासव्यात, तळ्याकडे बाल्कनी. बैठकीच्या खोलीत सोफा नाही, टीव्ही नाही. कमरेएवढे दोन स्पीकर आणि त्यांच्यापुढे एक सतरंजी. मी आणि त्याची मामी पिरंगुट, मुठा, टेमघर करत, घाटातल्या प्रत्येक वळणावर मला मिळणाऱ्या सूचनांसह वर पोचलो, तेव्हा त्याने पाणीबिणी न विचारता हात धरून मला सतरंजीवर बसवलं.

"मामा, ऐक. १९८२. टोकियो."

संगीताची ओळख करून देताना तो आधी साल सांगतो, मग शहर, मग रेकॉर्ड कुणी काढली ते. चाल कशी आहे हे सांगत नाही. ते विचारणं अडाणीपणाचं समजलं जातं.

एक सूर वाजला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा सूर, पहिला सुखरूप पोचला का हे बघायला आलेला. पुन्हा शांतता. मामी पिशव्या ठेवून आत आली, कान देऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, न्हाणीघरातला नळ ठिबकतोय."

मला वाटलं, आता हा रागावणार. तो तर हरखला. "मामी, तुला बरोबर कळलं! हेच त्याला पाहिजे होतं!"

त्याला म्हणजे हिरोशी योशिमुरा यांना. त्यांची ही पहिली रेकॉर्ड, 'म्युझिक फॉर नाइन पोस्टकार्ड्‌स'. ती मांडी ठोकून ऐकायची नसते. टोकियोच्या हारा संग्रहालयात, चित्रं बघत फिरणाऱ्या माणसांच्या आसपास ती वाजत राहावी, एवढीच तिची अपेक्षा होती. जपान्यांनी या प्रकाराला 'कांक्यो ओंगाकु' म्हणजे परिसर-संगीत असं भारदस्त नाव ठेवलं आहे. आपल्याकडे परिसराला संगीताची कमतरता कधीच नव्हती, परिसरालाच त्यापासून पळून जायची सोय नव्हती, म्हणून हा प्रकार आपल्याकडे निघाला नसावा.

या संगीताचा उगम ऐकला तर सदाशिव पेठेने कानांवर हात ठेवले असते. पाठीशी राजाश्रय नाही, मठ नाही, घराणं नाही. कपाटं, अत्तरं आणि एअर कंडिशनर विकणारे दुकानदार आहेत. हारुओमी होसोनो या थोर माणसाने १९८४ साली 'मुजी'च्या दुकानात वाजवायला संगीत केलं. त्याच वर्षी योशिमुरांनी शिसेदो या प्रसाधनांच्या कंपनीसाठी 'एअर इन रिसॉर्ट' केलं. ते सुगंधासकट ऐकायचं होतं. १९८७ मध्ये ताकाशी कोकुबो यांनी 'गेट अ‍ॅट द वेव्ह' ही अप्रतिम रेकॉर्ड केली ती सान्यो कंपनीच्या एअर कंडिशनरसाठी. आपल्याकडे एसीबरोबर स्टॅबिलायझर फुकट मिळाला तरी माणूस सोसायटीत पेढे वाटतो. तिथे समुद्राच्या लाटा आणि सिंथेसायझर मिळत होते.

ऐंशीच्या दशकात जपानकडे पैसा इतका झाला होता, की तो कुठे ठेवावा हे कळेना, म्हणून त्यांनी थोडा संगीतात ठेवला. १९८९ च्या डिसेंबरात टोकियोचा शेअर बाजार शिखरावर पोचला आणि मग जो घरंगळला तो दशकंच्या दशकं घरंगळतच राहिला. रेकॉर्डी जुन्या बाजारात गेल्या, कलावंत जाहिरातींकडे आणि सिनेमाकडे वळले. योशिमुरा २००३ मध्ये वारले. आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी, यूट्यूबच्या यंत्राने काय मनात आणलं कोण जाणे, मध्यरात्री जाग्या असलेल्या जगभरच्या तरुणांपुढे ते हे संगीत आपण होऊन वाढू लागलं. मारिया ताकेउची यांचं १९८४ चं 'प्लास्टिक लव्ह' असंच कोट्यवधींच्या कानात गेलं. आमचा भाचा याला 'शोध' म्हणतो. वाढप्याने पानात जिलबी टाकल्यावर ती आपण शोधली असं म्हणण्याइतपतच हा शोध आहे, पण तसं मी बोललो नाही. रात्रीचं जेवण त्याच्याकडेच होतं.

दुपारी तो मला बाल्कनीत घेऊन गेला आणि फोनवर एक चित्र दाखवलं. एइइची ओताकी यांच्या १९८१ च्या 'अ लाँग व्हेकेशन' या रेकॉर्डचं मुखपृष्ठ. चित्रकार हिरोशी नागाई. निळंशार पाणी, निळंशार आकाश, ताडाची झाडं, रिकामी सुट्टी, आणि माणूस औषधालाही नाही.

"आता समोर बघ," तो म्हणाला.

समोर निळं पाणी, निळं आकाश, इटलीतल्या पोर्टोफिनो बंदराच्या धर्तीवर रंगवलेल्या पिवळ्या, नारिंगी, विटकरी इमारतींची रांग, कमानी, तळ्याकाठची फरसबंदी. शनिवार असल्यामुळे माणसं होती. आठवड्याच्या मधल्या वारी मात्र हे चित्र मुखपृष्ठाशी तंतोतंत जुळतं, अशी त्याने ग्वाही दिली.

मला एकदम त्याच्या इथे राहण्याचं मर्म कळलं. हे संगीत ऐकायला पुण्यातली कुठलीही सोसायटी चालणार नाही. ते ज्या शहरासाठी केलेलं आहे ते शहर कधी पुरतं झालंच नाही. लवासाचंही काही वेगळं नाही. मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी, हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीने डोंगरांत एक नवं कोरं शहर वसवायचं ठरवलं. एक नव्हे, पाच गावांचं शहर. त्यातलं दासवे बरंचसं उभं राहिलं. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं, वर्षभराने अटींवर परवानगी आली, २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं. डोंगर कुणाचे, पाणी कुणाचं, जमिनी कशा घेतल्या, यावर इतकं लिहून आलंय की त्याचंही एक दासवे वसेल. विनोदी लेखात त्या भानगडीत फार शिरू नये. मुळशीत पाण्यासाठी जमिनी जाण्याचा इतिहास सेनापती बापटांइतका जुना आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मला एवढंच म्हणायचं आहे, की येणाऱ्या श्रीमंत भविष्याची इतकी जय्यत तयारी करून ठेवलेली जागा आणि येणाऱ्या श्रीमंत भविष्याची इतकी जय्यत तयारी करून ठेवलेलं संगीत, ही दोन्ही एका खोलीत आली की माणसाला भाडं परवडतं, कारण भविष्य आलेलं नसतं.

संध्याकाळी यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा लागला. १९७८ साली होसोनो, र्‍युइची साकामोतो आणि युकिहिरो ताकाहाशी या तिघांनी काढलेला हा वाद्यवृंद. त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं 'फायरक्रॅकर'. मूळ रचना मार्टिन डेनी या अमेरिकन माणसाची. डेनीसाहेब होनोलुलूत बसून अमेरिकनांना आवडेल असा बनावट पौर्वात्य बाज वाजवत. पाठीमागे बेडूक आणि पक्षी ओरडत. होसोनोंनी काय करावं? पाश्चात्त्यांना पूर्व जशी वाटते तशी पूर्व, खऱ्याखुऱ्या पूर्वेच्या माणसांनी, कॉम्प्युटरवर, चेहरा गंभीर ठेवून वाजवून दाखवली. नकलेची नक्कल, आणि तीही असली मालापेक्षा सरस.

मी खाली पाहिलं. इटालियन कमानीखाली एक कुटुंब वर्तमानपत्राच्या कागदातली कांदाभजी खात होतं. त्यांचा मुलगा ब्लूटूथ स्पीकरवर खंडोबाचं गाणं लावून तळ्याकडे पाठ करून नाचत होता. पलीकडे लग्नाआधीचे फोटो काढायला आलेलं एक जोडपं, नवरदेव सुटात आणि नवरी पायघोळ गाउनमध्ये, फोटोग्राफरच्या हुकमाप्रमाणे रोम समजून लवासाकडे बघत होतं. यलो मॅजिक ऑर्केस्ट्राने ही चेष्टा ठरवून केली होती. इथे आपोआप, आणि ज्याच्या त्याच्या खर्चाने, होत होती.

रात्री जेवताना भाच्याने माझ्यासाठी राखून ठेवलेला हुकमाचा एक्का काढला. "मामा, तुला माहितीये, हा सगळा प्रकार भारतातून सुरू झाला?"

मामीने वरणाची वाटी खाली ठेवली. भारतातून सुरू झालेल्या गोष्टींवर आमच्या घरात व्हॉट्सअ‍ॅपमुळे संचारबंदी आहे. पण हे खरं निघालं. यलो मॅजिक ऑर्केस्ट्राच्या थोडं आधी होसोनो हे तादानोरी योकू या नामवंत चित्रकाराबरोबर भारतात आले होते. तोवर आपल्याकडे आलेले परदेशी संगीतकार जाताना सतार नेत, गुरू नेत, निदान झब्बा तरी नेत. होसोनोंनी इथून बिघडलेलं पोट नेलं. आणि थोर कलावंताला काहीच वाया जात नसल्यामुळे, १९७८ सालीच 'कोचीन मून' नावाची रेकॉर्ड काढली. न काढलेल्या हिंदी सिनेमाचं पार्श्वसंगीत अशी तिची कल्पना. एका बाजूला हॉटेल मलबार: तळमजला, वरचा मजला, गच्ची, असे तीन भाग. दुसऱ्या बाजूला एक तुकडा 'मद्रासच्या कॉन्सुल जनरलच्या बाईसाहेब' आणि एक तुकडा चक्क 'हेपटायटिस'. वाद्यं जवळजवळ सगळी विजेची. सूर असे, की आतड्यात काय चाललंय हे सांगायला डॉक्टर लागू नये. भारताच्या अध्यात्मावर निघालेल्या शेकडो रेकॉर्डींपेक्षा भारताच्या पाण्यावर निघालेली ही रेकॉर्ड मला जास्त प्रामाणिक वाटते. या रेकॉर्डवर साकामोतो वाजवायला होते, कॉम्प्युटर जुळवायला हिदेकी मात्सुताके होते. पुढे याच मंडळींनी जग जिंकलं. एवढ्या मोठ्या सांगीतिक क्रांतीत आपल्या नळाच्या पाण्याचा हा वाटा कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही.

जेवण झाल्यावर मात्र त्याने अतिरेक केला. ज्याला त्याच्या गोटात 'नॉइज' म्हणतात, तो प्रकार काढला. मासामी आकिता हे गृहस्थ 'मेर्झबो' या नावाने १९७९ पासून तो करत आहेत. २००० साली त्यांची ५० सीडींची एक पेटी निघाली. पन्नासावी सीडी स्वखुशीने ऐकलेला माणूस मला बघायचा आहे, लांबून. पहिलं मिनिट झालं नाही तोच मामी स्वयंपाकघरातून मिक्सर बंद करायला सांगत बाहेर आली. मिक्सर आमच्या पुण्याच्या घरी होता.

"हे काहीच नाही," भाचा म्हणाला आणि हानातराश या वाद्यवृंदाची गोष्ट सांगू लागला. १९८५ साली टोकियोच्या एका सभागृहात त्यांच्या यामात्सुका आय यांनी कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच बुलडोझर घुसवला. भिंत पडली. प्रेक्षकांकडून आधीच लिहून घेतलेलं, इजा झाल्यास आम्ही जबाबदार नाही.

यात नवल ते काय? आपल्याकडे हा प्रयोग अतिक्रमण विभाग बाराही महिने विनामूल्य करतो, आणि कुणाकडून काही लिहूनही घेत नाही.

त्यानंतर त्याने मला एक गोष्ट सांगितली तिने माझी झोप उडवली. ती संगीताची नव्हती, भंगाराची होती. इकुतारो काकेहाशी, तरुणपणी घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांनी १९७२ मध्ये ओसाकात रोलँड कंपनी काढली. १९८० मध्ये तिने टीआर-८०८ नावाचं ठेका देणारं यंत्र काढलं. त्याचा तो खास 'छ्‌स' असा आवाज साधायला त्यांनी कारखान्यांनी नापास केलेले ट्रान्झिस्टर मुद्दाम विकत घेतले. पुढे ट्रान्झिस्टर बनवणारे सुधारले, नापास माल मिळेना, आणि ८०८ बंद पडलं. शेजारी टीबी-३०३ होतं, एकट्या गिटारवाल्याला बासची साथ देण्यासाठी बनवलेलं. गिटारवाल्यांनी ते ऐकलं आणि आपण एकटेच बरे असं ठरवलं. १९८४ मध्ये तेही बंद. मग जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळतं म्हणून शिकागोच्या पोरांनी उचललं आणि १९८७ मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' निघालं. अ‍ॅसिड हाउस नावाचं आख्खं घराणं त्यातून जन्मलं.

"पण त्यांच्याही आधी," भाचा सतरंजीवर सरकत जवळ आला, "मुंबईत एकाने केलं होतं."

चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला गिटार आणि बास वाजवणारे. १९८२ च्या सुमारास हीच दोन जपानी यंत्रं आणि रोलँडचाच ज्युपिटर-८ पुढ्यात घेऊन त्यांनी दहा राग वाजवले: भैरव, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट'. खाली यंत्राचा ठेका चालू, वर राग. तबलजी नाही, त्यामुळे समेवर भांडण नाही, मानधनात वाटा नाही आणि मध्यंतरात चहा नाही. रेकॉर्ड काही खपली नाही. रागवाल्यांना ती डिस्को वाटली, डिस्कोवाल्यांना राग. २००२ मध्ये एदो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला ती दिल्लीच्या एका दुकानात सापडली, २०१० मध्ये त्याने ती पुन्हा बाजारात आणली, आणि युरोपातले लोक चक्रावले: अ‍ॅसिड हाउस शिकागोच्याही पाच वर्षं आधी, आणि तेही मुंबईत, मालकंसात! सिंगसाहेब तेव्हा हयात होते. म्हातारपणी परदेशच्या रंगमंचावर जाऊन त्यांनी ते वाजवलंही. २०१५ मध्ये मुंबईत वारले.

मेघमल्हार लावला. बाहेर पाऊस आधीच पडत होता, त्यामुळे श्रेय कुणाचं हे ठरवता आलं नाही. पण रेकॉर्ड ऐकता ऐकता मला राहून राहून वाटत होतं, हा आवाज आपण कुठे ऐकलाय? आणि मग आठवलं: प्रत्येक वरातीत, प्रत्येक जागरणाला, प्रत्येक गल्लीच्या ऑर्केस्ट्रात. तिथे उभं राहून काड्यांनी जो रबरी चौकोन बडवला जातो तो ऑक्टोपॅड रोलँडचाच, १९८५ चा अवतार. कीबोर्ड कॅसिओ नाहीतर यामाहा. भाच्याला ऐंशीच्या जपानी विजेचा आवाज ऐकायला मध्यरात्री यूट्यूबची मर्जी संपादावी लागते. आमच्या पिढीला तो खिडकी लावूनही थांबवता आलेला नाही.

यावर तो जरा खट्टू झाला, म्हणून मी हात आवरता घ्यायला हवा होता. पण त्यानेच दुसऱ्या दिवशी घाट उतरून आम्हाला सोडायला यायचं ठरवलं, आणि गणपतीचे दिवस होते.

खालच्या एका गावात मिरवणूक रस्ता अडवून उभी होती. पथक नव्हतं, डीजे नव्हता. ताम्हिणी चढून रायगडातून आलेली बेंजो पार्टी होती. टेम्पोवर कर्णे, कच्छी ढोल, ऑक्टोपॅड, आणि मधोमध स्टुलावर ठेवलेला तो लांबट, बटणांचा, तारांचा, वायरने अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला बेंजो. वाजवणाऱ्याचा डावा हात बटणांवर असा पळत होता, की एखाद्या कोर्टातला जुना टायपिस्ट लाजावा. भाच्याची मान आपोआप हलायला लागली.

"काय आवाज आहे! मामा, हे कुठलं?"

"नागोयाचं," मी म्हणालो. "१९१२."

आधी साल की आधी शहर, हा क्रम तेवढा चुकला. बाकी सगळं खरं होतं. गोरो मोरिता नावाच्या जपानी माणसाने टाइपरायटरच्या बटणांवरून कल्पना घेऊन नागोयात हे वाद्य केलं, ताईशोगोतो. तेच हिंडत हिंदुस्थानात आलं, बुलबुल तरंग झालं, आणि मुंबई-कोकणच्या वाजवणाऱ्यांनी त्याला वीज जोडून गणपतीपुढे उभं केलं. रितेश देशमुख आणि रवी जाधव यांनी २०१६ मध्ये त्यावर सिनेमाही काढला. जपानी, विजेचं, प्रायोगिक, आणि कुणा युरोपियनाने अजून नीटसं न शोधलेलं: भाच्याच्या सगळ्या अटी त्यात बसत होत्या.

तो गाडीतून उतरला तो थेट टेम्पोपाशी. चाल संपताच त्याने बेंजो मास्तरांना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं: नागोया, मोरिता, टाइपरायटर, होसोनो, चरणजित सिंग. मास्तरांनी गळ्यातल्या टॉवेलने घाम पुसत, एका कानातला कापूस काढून, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग बाजूच्या ढोलवाल्याला म्हणाले, "जपानचं आहे म्हणतात."

"असू दे," ढोलवाला म्हणाला. "तार तुटली तर तिकडून येणार आहे का?"

भाचा हटला नाही. तुमचं रेकॉर्डिंग झालं पाहिजे, रेकॉर्ड निघाली पाहिजे, जपानला गेली पाहिजे, असं त्याने बरंच लावलं. मास्तरांनी जपानचा थोडा विचार केला.

"येऊ की. सुपारी आधी लागेल, टेम्पोचं भाडं वेगळं, आणि अकरा माणसांचं जेवण पार्टीकडे," ते म्हणाले, आणि कानात परत कापूस घालून त्यांनी पुढची चाल धरली.